पद्मिनीचं पेट्रोल: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

घाटात गाडी बंद पडली, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागला किंवा टॉप गिअरमध्ये झटके खायला लागली, की ती आमच्याकडे येते आणि मालक सांगतात, “कार्बोरेटर साफ करून द्या.” कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. आम्ही कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडतो. वेळ काढायचा म्हणून नव्हे. 1089 सीसीच्या या इंजिनावरचा सोलेक्स कार्बोरेटर साधा आणि दणकट आहे. मागून स्वच्छ पेट्रोल बेताच्या दाबाने येत राहिलं तर तो क्वचितच दगा देतो. बिघाड बहुतेक वेळा त्याच्या मागे, वाटेत कुठेतरी असतो.

म्हणून सुरुवात टाकीपासून. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या शेवटच्या पद्मिनींनाही आता जवळपास पाव शतक झालं आहे. इतक्या जुन्या पत्र्याच्या टाकीत आतून गंज असतोच. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून आम्ही अर्धा तास ठेवतो. तळाशी तांबूस भुकटी बसली तर गंज. खाली वेगळा थर दिसला तर पाणी. 2025 पासून जवळपास सगळ्याच पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर दोन-तीन महिने उभी राहिली की पाणी साठत जातं, आणि एका मर्यादेपुढे पाणी व इथेनॉल मिळून खाली बसतात. पिकअप पाइप नेमका तिथूनच ओढतो. शिवाय हे पेट्रोल वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवतं, आणि तो सगळा कचरा फिल्टरकडे निघतो.

टाकीला आतून रंगासारखं लायनिंग मारून द्यायला आम्ही नकार देतो. नीट न बसलेलं लायनिंग पुढे पापुद्र्यांनी सुटतं आणि पाइप बंद करतं. टाकी उतरवून धुतो, फारच गेली असेल तर बदला म्हणतो. एक विनंती: टाकीला भोक पडलं तर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. पेट्रोलच्या वाफेने भरलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते.

टाकीला श्वासही लागतो. दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी मरत असेल, झाकण उघडताच “फुस्स” आवाज येत असेल आणि मग गाडी सुरू होत असेल, तर हवेचं छिद्र बुजलं आहे. बाजारातलं दुसरंच झाकण बसवल्यावर हे हमखास होतं.

आता पाइप. टाकी मागे, एसी पंप (इंजिनावर चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप, एअर कंडिशनरशी संबंध नाही) पुढे इंजिनावर. म्हणजे पेट्रोल पुढे ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्यामुळे या पाइपला सुईएवढं छिद्र पडलं तर पेट्रोल गळेलच असं नाही, उलट पाइप हवा ओढतो. आमच्याच हातून झालेली चूक सांगतो. एका गाडीचा कार्बोरेटर आम्ही तीनदा साफ केला, तरी चढावर ती श्वास सोडायची. शेवटी गाडी लिफ्टवर घेऊन पाइपवर बोट फिरवत गेलो. पत्र्याच्या क्लिपखाली, जिथे चिखल साचतो तिथे, पाइप कागदासारखा झाला होता. जमिनीवर एक थेंबही नव्हता. त्या ग्राहकांचे पहिल्या दोन वेळचे पैसे आम्ही परत केले, आणि तेव्हापासून क्लिपा सोडवल्याशिवाय पाइप “चांगला” म्हणत नाही.

रबरी पाइप बदलायचा तर मीटरवर मिळणारा साधा काळा नळ नको. इथेनॉलने तो आतून फुगतो, बाहेरून मात्र ठणठणीत दिसतो. आम्ही ‘आर 9’ (इथेनॉल सोसणाऱ्या पाइपचा दर्जा) छापलेला पाइप घालतो, आणि रबर न कापणाऱ्या गुळगुळीत पट्टीच्या क्लिपा. डायफ्राम (पंपातला लवचिक पडदा) आणि निडलही (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. फिल्टर पंपाच्या आधी, बाण बघून. टाकी धुतल्यावर पहिला फिल्टर 200 किलोमीटरवरच बदलतो, कारण उरलेला कचरा त्यात येतो.

उन्हाळ्यात कसारा घाटात एसी पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले लोक तुम्ही पाहिले असतील. तुम्ही स्वतःही बसला असाल. पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. यावर कायमचा उपाय आहे. पाइप एक्झॉस्टपासून लांब न्यायचा आणि पंपाखालचं जाड बेकेलाइटचं पॅकिंग जागेवर ठेवायचं. पुष्कळ गाड्यांत ते कुणीतरी काढून टाकलेलं असतं. ते उष्णता अडवतं आणि त्याच्या जाडीवर पंपाचा स्ट्रोकही ठरतो, म्हणून दुसरं कुठलंही पॅकिंग चालत नाही.

इलेक्ट्रिक पंप बसवा असा आग्रह अनेक जण धरतात. बसवता येतो, पण कोणता ते महत्त्वाचं. अमेरिकन मसल कारच्या मोठ्या व्ही-8 इंजिनांवरचे होली कार्बोरेटर साधारण 6 पीएसआय (दाबाचं माप) दाब मागतात. तसा पंप सोलेक्सला लावला तर निडल दाब धरत नाही, पेट्रोल ओसंडतं आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनाला लागून असलेल्या नळ्यांवर) सांडतं. पद्मिनीला अडीच-तीन पीएसआय पुरे. पंप टाकीजवळ आणि खालच्या बाजूला, फ्यूज आणि रिलेसह. ऑइल प्रेशर गेलं की पंप बंद करणारा स्विच नसेल तर आम्ही हे काम घेत नाही. अपघातात इंजिन थांबलं तरी चावी चालू असते आणि पंप पेट्रोल ओतत राहतो.

एवढं झाल्यावर कार्बोरेटर. फ्लोटची (आतल्या पेट्रोलवर तरंगून निडल उघड-बंद करणाऱ्या भागाची) लेव्हल, निडल, मग जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, गाडी तापते, पिकअप मार खातो. मेन जेट किती वाढवायचा हे आम्ही रस्त्यावर चालवून आणि प्लगचा रंग पाहून ठरवतो, आकडा आधी सांगत नाही.

गाडी आणताना टाकी पाव भरलेली असू द्या, कारण ती उतरवावी लागू शकते. आणि गाडी थंड असताना अडते की गरम झाल्यावर, चढावर की सिग्नलवर, पेट्रोल भरल्यावर किती किलोमीटरने, हे कागदावर लिहून आणा.