बांधकाम परवानगीला कोर्टात आव्हान द्यायचंय? आधी आदेशाची तारीख बघा

शेजारच्या प्लॉटवर मोठी बिल्डिंग मंजूर झाली, आपण वेळेत हरकत दिली होती पण ती कुणी वाचली असं काही दिसत नाही, मग कोर्टात जाता येतं का? येतं. त्याला न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात, आणि हे अपील नाही हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण बरेच जण याच ठिकाणी केस घालवतात.

ट्रॅफिक वाढेल, ऊन अडेल, परिसराची वाट लागेल हे सगळं खरं असलं तरी बिल्डिंग हवी की नको हे जज ठरवत नाहीत. ते फक्त एवढंच बघतात की परवानगी देणाऱ्याला तो अधिकार होता का, कायद्यात सांगितलेली नोटीस निघाली का, सुनावणी झाली का, महत्त्वाचा मुद्दा सोडून दिला का किंवा भलताच मुद्दा धरला का, आणि निर्णय इतका अतार्किक आहे का की कुठलंही समंजस प्राधिकरण (परवानगी देणारी संस्था) तो घेणारच नाही. ही शेवटची कसोटी इंग्लंडच्या १९४७ च्या वेडन्सबरी केसमधून आली (ती केस सिनेमा थिएटरच्या रविवारच्या खेळांची होती), पण ती सिद्ध करणं फार अवघड, त्यामुळे सगळा भर तिच्यावर ठेवू नका. प्रक्रियेतली चूक कागदावर दाखवता येते, म्हणून ती जास्त टिकते.

अर्ज कोण करू शकतं? ज्याच्यावर थेट परिणाम होतो तो, म्हणजे शेजारी, रहिवासी संघ, हरकत नोंदवलेली व्यक्ती, बऱ्याच देशांत पर्यावरण संस्थासुद्धा. ज्याचा स्वतःचा प्लॅन नामंजूर झालाय त्याला मात्र बहुतेक ठिकाणी आधी कायद्यातलं अपील करावं लागतं, ते न करता थेट गेलात तर कोर्ट परत पाठवू शकतं.

आता मुदत, आणि हे कृपया मनावर घ्या. इंग्लंडमध्ये ६ आठवडे, आयर्लंडमध्ये ८ आठवडे, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये जाहीर सूचना निघाल्यापासून ३ महिने. भारतात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट याचिका करायला ठरावीक मुदत नाही, पण उशीर केला आणि तोवर चार मजले चढले तर त्याच कारणावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. लोक दोन महिने तक्रारअर्ज आणि निवेदनं देत फिरतात आणि तेवढ्यात दार बंद होतं, हे बघून खरंच वाईट वाटतं. निवेदनं द्या, पण त्यामुळे मुदत थांबते असं समजू नका.

कागदांमध्ये परवानगीच्या आदेशाची प्रमाणित प्रत, मंजूर नकाशे, अधिकाऱ्याचा रिपोर्ट, मीटिंगचे मिनिट्स, जाहीर नोटीस, आपली हरकत आणि तिची पोच, आणि प्रतिज्ञापत्र. पोच नसेल तर हरकत दिलीच नव्हती असं समोरचा बिनधास्त म्हणतो. कागद हातात नसतील तर माहिती अधिकारात आजच अर्ज टाका. दाखल करण्याआधी प्राधिकरणाला लेखी पत्र देऊन चूक दाखवावी, आणि अर्जात प्राधिकरणासोबत बिल्डरलाही पक्षकार करावं.

अर्ज दाखल झाल्यावर आधी कोर्टाच्या परवानगीचा टप्पा, म्हणजे मुद्द्यात दम आहे का एवढंच बघतात, आणि मग पूर्ण सुनावणी. स्टे, म्हणजे बांधकामाला स्थगिती, मात्र पहिल्याच दिवशी मागा, कारण निकालाला वर्षं लागू शकतात. नोएडाच्या जुळ्या टॉवरची केस रहिवाशांनी २०१४ ला अलाहाबाद हायकोर्टात जिंकली, सुप्रीम कोर्टाने २०२१ ला तो निकाल कायम केला, आणि टॉवर प्रत्यक्षात पडले २०२२ ला.

बहुतेक वेळा जिंकलात तरी पाडापाडी होत नाही, परवानगी रद्द होऊन फाइल परत प्राधिकरणाकडे जाते आणि नीट प्रक्रिया करून तीच परवानगी पुन्हा मिळू शकते, म्हणून नवी नोटीस कधी निघते यावर लक्ष ठेवा आणि हरकत परत द्या, यावेळी पोच घेऊन.