मैहर बँड (मैहर वाद्यवृंद)

मैहर बँड : मध्य प्रदेशातील मैहर येथील, हिंदुस्थानी रागसंगीतातील रचना सामूहिकपणे वाजवणारा छोटा वाद्यवृंद. मैहर संस्थानचे दरबारी संगीतकार उस्ताद अल्लाउद्दीनखाँ (मृत्यू ६ सप्टेंबर १९७२) हे त्याचे संस्थापक, शिक्षक आणि रचनाकार. आईबापांचे छत्र हरपलेल्या गावातील मुलांना हाताशी धरून त्यांनी तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस उभा केला. ‘बँड’ या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वरातीतली पितळी वाद्ये येतात. त्यांच्याशी या वृंदाचा संबंध नाही. आकाराने तो पाश्चात्त्य चेंबर ऑर्केस्ट्राच्या जवळचा आहे. मात्र चेंबर ऑर्केस्ट्रात प्रत्येक वाद्यगटाला वेगळी स्वरपंक्ती असते, तर मैहरमध्ये बहुतेक वाद्ये एकच गत (वाद्यावर वाजवायची तालबद्ध रचना) एकाच वेळी, आपापल्या सप्तकात वाजवतात.

मैहर हे बाघेलखंडातील एक लहान संस्थान होते. कटनी आणि सतना यांच्या दरम्यान जबलपूर–अलाहाबाद लोहमार्गावर ते वसले असून हा मार्ग १८६७ मध्ये सुरू झाला. त्रिकूट टेकडीवरील शारदादेवीच्या मंदिरामुळे हे गाव यात्रेकरूंच्या परिचयाचे आहे. राजा ब्रिजनाथसिंह यांनी अल्लाउद्दीनखाँना आश्रय दिला आणि त्यांच्याकडे शिक्षणही घेतले. खाँसाहेब नमाजी मुसलमान होते आणि शारदामातेचे भक्तही. गाव त्यांना ‘बाबा’ म्हणत असे.

स्थापनेचा काळ : स्थापनेचे वर्ष म्हणून १९१७ आणि १९१८ ही दोन्ही प्रचलित लेखनात आढळतात; काही ठिकाणी वृंदाची सुरुवात १९२० नंतरची धरली आहे. मुले अनाथ कशाने झाली, याविषयीही एकवाक्यता नाही. कोठे प्लेग, कोठे दुष्काळ, तर कोठे इन्फ्लूएंझा असे कारण दिले जाते. हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत. कारण नक्की झाले, तर वर्षही बऱ्याच अंशी नक्की होते.

प्लेगची साथ भारतात १८९६ पासून वारंवार येत होती, त्यामुळे तेवढ्यावरून कोणतेही एक वर्ष ठरत नाही. इन्फ्लूएंझाचे तसे नाही. तो जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरला आणि लोहमार्गांवरून देशभर गेला. त्याची दुसरी, अधिक मारक लाट त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत टिकली. भारतातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. या साथीचे एक लक्षण येथे विशेष महत्त्वाचे ठरते. नेहमीचा ताप म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना नेतो. या साथीने प्रामुख्याने वीस ते चाळीस वर्षांची माणसे नेली. म्हणजे घरातली आईबापेच गेली आणि चालती-बोलती मुले मागे राहिली. वाद्य शिकण्याच्या वयाच्या इतक्या मुलांना एकाच वेळी निराधार करणारी घटना म्हणून इन्फ्लूएंझाचे कारण अधिक सयुक्तिक वाटते. १९१८ चा पावसाळाही फसला होता आणि धान्य महागले होते, त्यामुळे ‘दुष्काळ’ सांगणाऱ्या आठवणी त्याच वर्षाच्या असण्याची शक्यता आहे.

हे मान्य केल्यास १९१७ हे वर्ष गळते. खाँसाहेब मैहरला स्थायिक झाले तेही साधारणपणे १९१८ च्या सुमारास, असे मानले जाते. मुले गोळा करण्याचे काम १९१८ च्या अखेरीस सुरू झाले असावे. सुरांची ओळखही नसलेल्या मुलांचा हात वाद्यावर बसायला लागणारा वेळ पाहता, ऐकण्याजोगा वृंद त्यानंतर दोन-तीन वर्षांनीच तयार झाला असावा. पं. वि. ना. भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौला भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदांच्या वेळी (१९२४ व १९२५–२६) खाँसाहेबांनी हा वृंद तेथे नेल्याचे सांगितले जाते. तोवर साथीत पोरकी झालेली मुले तरुण वादक झाली होती.

सनावळीचा असाच घोळ संस्थापकाच्या जन्माविषयीही आहे. शिष्यपरंपरेत १८६२ हे वर्ष चालत आले आहे, तर अनेक अभ्यासक १८८१ च्या आसपासचा काळ मानतात. दुसरे मत ग्राह्य धरल्यास वृंद सुरू करताना खाँसाहेब चाळिशीच्या आत होते. पोरांच्या जमावाला रोज सरगम घोकवण्याचे काम ज्यांनी कधी केले आहे, त्यांना हे वय अधिक पटेल.

पूर्वपीठिका : मैहर बँडला ‘भारतातील पहिला वाद्यवृंद’ म्हणण्याची प्रथा आहे, ती जपून वापरावी. कलकत्त्यात बेलगाछिया येथे १८५८ मध्ये झालेल्या ‘रत्नावली’ या नाटकाच्या प्रयोगासाठी क्षेत्रमोहन गोस्वामी यांनी देशी वाद्यांचा वृंद बसवला होता. पुढे बंगाली नाट्यगृहांत असे वृंद नित्याचे झाले. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली आणि समूहाने संगीत शिकवण्याचा पायंडा तेथेही पडला.

अल्लाउद्दीनखाँ घडले ते या कलकत्त्यात. पूर्व बंगालातील शिबपूर गावातून लहानपणीच घर सोडून आलेल्या या मुलाने नुलो गोपाल यांच्याकडे गायन शिकले. स्वामी विवेकानंदांचे चुलतबंधू अमृतलाल ऊर्फ हाबू दत्त यांचा स्वतःचा वृंद होता. त्यांच्याकडे त्यांनी अनेक वाद्ये आत्मसात केली. लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरांकडून ते पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकले. गोव्यातील चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकलेले वादक त्या काळी देशभरच्या पलटणींत, संस्थानांत आणि बागांतील बँडमध्ये असत. मैहरच्या इतिहासातला हा गोव्याचा धागा सहसा एका वाक्यात उरकला जातो, तो तसा उरकू नये. वीस माणसांनी एका क्षणी गज उचलायचा आणि एका क्षणी टेकायचा, ही शिस्त दरबारी एकलवादनात नाही. ती थिएटरातून आणि बँडमधून आली. रागाचे ज्ञान मात्र रामपूर दरबारचे बीनकार वजीरखाँ यांच्या कडक तालमीतून आलेले होते. या दोन शिकवणी एका माणसात एकत्र आल्या, हे मैहर बँडचे खरे मूळ म्हणता येईल.

नलतरंग : वृंदाची ओळख बनलेले हे वाद्य खाँसाहेबांच्या कल्पनेतून आले. संस्थानच्या शस्त्रागारातील निकामी बंदुकांच्या नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून चौकटीवर मांडलेल्या असतात आणि त्या दोन काठ्यांनी वाजवल्या जातात. जलतरंगाशी नाव जुळते, पण ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही वाद्ये निराळी आहेत. बासरीप्रमाणे येथे नळीतील हवा बोलते, असा समज आढळतो. तोही बरोबर नाही. आघाताने पोलादी नळी स्वतःच किंचित वाकते आणि परत सरळ होते, त्या कंपनांचा नाद आपण ऐकतो.

या फरकाचा परिणाम थेट कापण्याच्या मापावर होतो. हवेचा स्तंभ बोलत असता, तर कंप्रता (दर सेकंदाला होणारी कंपने) लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलली असती आणि तार षड्जासाठी (वरच्या सप्तकातल्या ‘सा’साठी) नळी निम्मी करावी लागली असती. वाकणाऱ्या दांड्याची कंप्रता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे सप्तक गाठायला नळी सुमारे २९ टक्केच तोडावी लागते. षड्जाची नळी १०० सेंमी. धरली, तर आदर्श स्थितीत रिषभ ९४.३, गांधार ८९.४, मध्यम ८६.६, पंचम ८१.६, धैवत ७७.५, निषाद ७३ आणि तार षड्ज ७०.७ सेंमी. येतो. गांधार आणि मध्यम यांच्या नळ्यांत जेमतेम तीन सेंमी.चा फरक राहतो. करवत थोडी घसरली की सूर गेला.

प्रत्यक्षात हिशेब आणखी अवघड असतो. जुन्या बंदुकीची नळी दारू भरण्याच्या बाजूला जाड आणि तोंडाकडे निमुळती असते, त्यामुळे वरची मापे केवळ मार्गदर्शक ठरतात. नळी मापापेक्षा थोडी लांब ठेवायची, टोक कानशीने घासत सूर चढवत न्यायचा आणि दर वेळी कानाने पारखायचे, हाच मार्ग उरतो. सूर फार चढला, तर मध्यभागी धातू कमी करून तो थोडा उतरवता येतो. तोडलेले टोक मात्र परत जोडता येत नाही. नळी टेकवायची जागाही ठरलेली आहे. दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२.४ टक्के अंतरावर निस्पंद बिंदू, म्हणजे नळी न हलणाऱ्या जागा, असतात. तेथे दोरीवर किंवा मऊ गादीवर नळी ठेवली तर नाद मोकळा सुटतो. जागा चुकली की ठोका बद्द वाजतो.

अशा दांड्याचे वरचे सूर मूळ सुराच्या पूर्ण पटीत नसतात. पहिला सुमारे २.७६ पट, दुसरा सुमारे ५.४ पट कंप्रतेचा असतो. म्हणजे षड्ज वाजवला की त्याच्यावर पुढच्या सप्तकातला, शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधला एक सूर क्षणभर ठणकतो. नलतरंगाच्या आवाजाला देवळातल्या घंटेसारखी धार येते ती यामुळे. हा सूर लवकर विरतो. काठीचे टोक मऊ असले तर तो दबतोही.

जलतरंगात वाटीतले पाणी कमी-जास्त करून सूर दुरुस्त होतो, सतारीची खुंटी पिळता येते. नलतरंगाचा सूर कापतानाच कायमचा ठरतो. साहजिकच इतर तंतुवाद्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचे असते. एकलवादकाला आपल्या वाद्याला सोसेल तो षड्ज धरण्याची मुभा असते, वृंदातल्या मुलाला ती नाही. हे बंधन शिकाऊ कानांना फायद्याचेच ठरले असणार, कारण न हलणारा आधारस्वर रोज कानावर पडत राहतो.

इतर वाद्ये व रचना : सतार, सरोद, सारंगी, इसराज, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, तबला आणि ढोलक ही वृंदातील नेहमीची वाद्ये. यांखेरीज सतार आणि बँजो यांचा मेळ घालून केलेला सितार-बँजो आहे. वाद्यांत फेरफार करण्याचा ध्यास खाँसाहेबांना आणि त्यांचे बंधू आयेतअलीखाँ यांना सारखाच होता; आजच्या मैहर पद्धतीच्या सरोदाचा आकार या भावांच्या प्रयोगांतून आला. व्हायोलिन आणि चेलो घेऊनही पाश्चात्त्य स्वरसंवादाची (हार्मनीची) पद्धत त्यांनी फारशी उचलली नाही. रचना रागाच्या चौकटीत राहतात, गती वाढत जाते, मधूनच एखादा वाद्यगट गप्प बसतो आणि तिहाईला, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याला, सगळे पुन्हा एकत्र येतात. हेमंत, मांझखमाज, मदनमंजरी हे खाँसाहेबांच्या नावाशी जोडलेले राग. यांतला शेवटचा त्यांनी पत्नीच्या नावावरून केला.

शिक्षण व सामाजिक कार्य : या वृंदाचे मोठेपण वाद्यांच्या नवलाईपेक्षा त्यातल्या माणसांत आहे. त्या काळी वाद्यविद्या घराण्यात आणि रक्ताच्या नात्यात राखली जाई. परक्याला ती देताना हातचे राखून दिले जाई. स्वतः खाँसाहेबांना वजीरखाँच्या दारात वर्षानुवर्षे ताटकळावे लागले होते. ज्याला विद्येसाठी इतके झिजावे लागले, त्याने ती ज्यांच्यामागे नाव ना घराणे अशा गावातल्या पोरांना सढळ हाताने दिली, हे फार मोलाचे आहे. मुलांच्या पोटापाण्याची सोय दरबाराच्या आश्रयाने झाली आणि वादन हीच पुढे त्यांची उपजीविका बनली. आधी गळ्याने सरगम, मग हातात वाद्य, हा त्यांचा शिकवण्याचा क्रम होता. खाँसाहेबांच्या रागीटपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण त्यांनी या मुलांना दया म्हणून सोपे काही शिकवले नाही. स्वतःच्या मुलांना जे दिले, त्याच गती आणि तेच ताल यांनाही दिले.

त्याच अंगणात खाँसाहेबांची मुले अलीअकबरखाँ आणि अन्नपूर्णादेवी वाढली. तिमिर बरन, रविशंकर, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी तेथे शिकायला आले. या शिष्यांवर अमाप लिहिले गेले आहे, वृंदातल्या मुलांवर अगदी थोडे. तरी वृंदाचा ठसा शिष्यांच्या कामात दिसतो. तिमिर बरन यांनी पुढे स्वतःचे वाद्यवृंद उभे केले. आकाशवाणीने १९५२ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय वाद्यवृंद सुरू केला, तेव्हा त्याच्या संचालकांत रविशंकर होते आणि १९५६ मध्ये ती जबाबदारी पन्नालाल घोष यांच्याकडे आली. दोघेही मैहरचे शिष्य होते, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

उत्तरकाळ : संस्थान १९४८ मध्ये विंध्य प्रदेशात विलीन झाले आणि १९५६ मध्ये तो प्रदेश मध्य प्रदेशात आला. दरबार गेला तरी वृंद शासनाच्या आश्रयाने चालू राहिला. ‘मैहर वाद्यवृंद’ हे नावही रूढ झाले. १९५५ मध्ये खाँसाहेबांनी मैहरला संगीत महाविद्यालय काढले. त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान मिळाले. भोपाळची उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत एवं कला अकादमी त्यांच्या नावाने काम करते, आणि मैहरला दरवर्षी भरणाऱ्या संगीत समारोहात वृंदाचे वादन होते. २०२३ मध्ये मैहर सतना जिल्ह्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. वृंदाच्या रचना मुख्यतः हातावरून हातावर आल्या आहेत. ज्येष्ठ वादक शेजारी बसून नव्याला गत वाजवून दाखवतो आणि नवा ती उचलतो. नलतरंग आजही वृंदात वाजतो.