नोटीस आली म्हणजे गुन्हा दाखल झाला का?

गणपती तोंडावर आले की पुण्यातल्या पेठांत मंडळाच्या पोरांना चौकीतून कागद येतो आणि घरात रडारड सुरू होते: 'गुन्हा दाखल झाला, आता नोकरी विसरा!' हे साफ चूक आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून वर्षानुवर्षं १०७ म्हणून ओळखली जाणारी ही कारवाई १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली होते. हे शिक्षेचं कलमच नव्हे. शांतता भंग होण्याची शक्यता वाटली, तर 'तुमच्याकडून बंधपत्र, म्हणजे शांतता राखण्याची ठरावीक रकमेची लेखी हमी, का घेऊ नये?' असं कार्यकारी दंडाधिकारी त्यात विचारतात. कागद नीट वाचा. तुमच्याबद्दल काय माहिती मिळाली, बंधपत्राची रक्कम किती, मुदत किती, हे त्यात लिहावंच लागतं. मुदत फार तर एक वर्ष. सुनावणीत वकील देता येतो, आपली बाजू मांडता येते. त्याच संहितेच्या कलम १६८ ची नोटीस तर पोलिसांची निव्वळ ताकीद. तडीपारी मात्र गंभीर. तो आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली निघतो, दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येतं. नुसत्या नोटिशीवरून पोराला गुंड ठरवणारे शेजारी अन्याय करतात. पण कागद फाडून फेकू नका. तारखेला गेला नाहीत तर वॉरंट निघू शकतं, आणि बंधपत्र मोडलं तर रक्कम जप्त होऊ शकते.