तुरुंगाची भिंत आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी

ठाण्यात कोर्टनाक्यावरून जेलकडे गेलं की जुनी दगडी तटबंदी दिसते. हा ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आलेला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जिंकलेला.

दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होता. १८१५ साली पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, ठपका त्रिंबकजीवर आला आणि पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या दबावापुढे पेशव्याला त्याला इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री तो निसटला. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते, त्यांना मराठी कुठून कळणार? एका साहेबाचा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा नोकर, खिडकीखाली गाणी म्हणत राहायचा आणि त्या गाण्यांतूनच पळायचा बेत आत पोचला, अशी हकिकत बिशप हेबरने आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे. प्रत्यक्षात त्रिंबकजी बाहेर पडला तो शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भगदाडातून. लोकांनी जपलं मात्र गाणं. भगदाड कोण कशाला जपेल!

ना. सं. इनामदारांची 'झेप' (१९६३) याच त्रिंबकजीवर आहे. पण मराठी कादंबरी त्याच्यासारख्या खऱ्या माणसापर्यंत यायला नव्वदेक वर्षं लागली.

सुरुवात रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून, १८७१ मध्ये. ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. काळ शिवकालीन, पण गोष्ट कल्पित. ह. ना. आपट्यांची 'उषःकाल' १८९५ ते ९७ या काळात 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने आली. तीतही वाचक गुंततो तो एका किल्लेदाराच्या कल्पित घराण्यात. मुलगा स्वराज्याकडे ओढलेला, बाप विजापूरच्या निष्ठेला चिकटलेला. शिवाजी महाराज आहेत, पण कथेचा सगळा भार त्यांच्यावर नाही.

याचं कारण नुसतं तंत्राचं नसावं. आपट्यांच्या हाताशी होतं काय? ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास, 'काव्येतिहाससंग्रहा'ने १८७८ पासून छापायला घेतलेल्या बखरी आणि ऐकीव गोष्टी. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला १८९८ मध्ये, म्हणजे 'उषःकाल' संपल्यानंतर. खऱ्या माणसाच्या मनात शिरायला त्याची पत्रं लागतात, आणि ती तेव्हा दप्तरांत बांधलेली होती.

त्याच दशकात ठाण्यात वि. ल. भावे जुनी मराठी पोथी-पुस्तकं गोळा करत होते. १८९३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. मुंबईचं निघालं त्याच्या पाच वर्षं आधी, हे ठाणेकर संधी मिळेल तेव्हा सांगतो. मीही सांगून घेतलं.

मधल्या काळात नाथमाधव आणि वि. वा. हडप यांच्या मालिकांनी वाचकांना भरपूर वाचायला दिलं. दरम्यान इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कागदपत्रांतल्या निवडक मजकुराचे, ४५ खंड छापून झाले होते. मग १९६२ मध्ये रणजित देसाईंची 'स्वामी' आली आणि माधवराव-रमाबाई थेट मध्यभागी आले. १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिथून कल्पित किल्लेदार मागे पडले ते पडलेच.

यात कमावलं तसं गमावलंही, असं मला वाटतं. कल्पित माणसाच्या तोंडचं वाक्य वाचक कल्पितच समजतो. माधवरावांच्या तोंडचं वाक्य मात्र तो इतिहास म्हणून पाठ करतो आणि व्याख्यानात टाळ्या घेतो. 'झेप' वाचताना म्हणूनच दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात. १८१५-१६ चा घटनाक्रम कागदोपत्री आहे. त्या रात्री त्रिंबकजीच्या मनात काय चाललं होतं, ते इनामदारांचं. कादंबरीची गोडी त्या दुसऱ्या भागात आहे. ती घेताना पहिल्याचा विसर पडू नये, इतकंच.

किल्ला अजूनही मध्यवर्ती कारागृहच आहे. ती खिडकी कुठे असेल, याचा अंदाज बाहेरून भिंत बघत करायचा आणि तलावपाळीकडे चालू लागायचं.