'हड'मधल्या खड्ड्यामागचा इतिहास

'हड' (१९६३) हा हॉलिवूडचा चित्रपट म्हटलं की टेक्सासच्या रँचवरचं बापलेकांचं भांडण आठवतं. त्या भांडणाला तोंड फुटतं ते लाळ्या-खुरकुत या गुरांच्या साथीच्या रोगाच्या संशयावरून. तपासणीचा निकाल लागायच्या आत गुरं दुसऱ्याच्या गळ्यात मारू, असं मुलाचं, म्हणजे हडचं, म्हणणं. म्हातारा ऐकत नाही.

अमेरिकेत हा रोग १९२९ नंतर आढळलेला नाही. म्हणजे पडद्यावरची साथ काल्पनिक, पण धास्ती खरी होती आणि ती मेक्सिकोची होती. १९४६ च्या अखेरीस तिथं वेराक्रूझ भागात रोग निघाला. ठपका आला ब्राझीलहून उतरवलेल्या वशिंडाच्या वळूंवर. ब्राझीलमधली ही जनावरं मुळात आपल्याच गीर, ओंगोल, कांकरेजच्या वंशातली! अमेरिकेनं सीमा बंद केली आणि १९४७ मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून मोहीम उघडली. बाधित जनावर आणि त्याच्या संपर्कात आलेलं प्रत्येक जनावर मारून पुरायचं.

खरा वाद इथला. भरपाई मिळत होती, पण औताचा बैल गेल्यावर नांगरट कशानं करायची? बदल्यात खेचरं देऊ केली. जन्मभर बैल हाकलेल्या माणसाला ती नकोशीच होती. सप्टेंबर १९४७ मध्ये मिचोआकानमधल्या सेंगियोत जमावानं पशुवैद्याला आणि सोबतच्या सैनिकांना ठार मारलं. एवढं झाल्यावर, वर्ष संपता संपता, सरसकट कत्तल थांबवून लसीकरणावर भर दिला गेला. लस आधीच का नाही, याचं पटेल असं उत्तर मला तरी सापडत नाही. १९५२ मध्ये सीमा उघडली, पुढच्या वर्षी रोग उलटल्यामुळे पुन्हा बंद झाली आणि १९५५ च्या सुरुवातीला अखेर खुली झाली.

मूळ कादंबरी १९६१ ची. चित्रपट आला तेव्हा मेक्सिको बरीच वर्षं रोगमुक्त होता, तरी खापर फुटतं मेक्सिकोतून आणलेल्या गुरांवरच. हे एकांगी आहे. कत्तलीचा प्रसंग मात्र अस्सल उतरलाय: कळप खड्ड्यात उतरवतात, काठावरून बंदुका चालतात. लांब शिंगांची दोन जुनी जनावरं म्हातारा दुसऱ्या कुणाला मारू देत नाही, स्वतःच गोळी घालतो.

निर्मात्यांच्या लेखी हड खलनायक होता. तरुण प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ऑस्कर मिळाली ती म्हाताऱ्याच्या आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या भूमिकेला, शिवाय कृष्णधवल छायाचित्रणाला. हडची भूमिका करणाऱ्याच्या वाट्याला नुसतं नामांकन आलं.