जठराचा कॅन्सर: बरं करणारं ऑपरेशन आणि आराम देणारं ऑपरेशन

कॅन्सर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आहे म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ऑपरेशन होईल ना? डॉक्टर ‘हो’ म्हणाले की जीव भांड्यात पडतो. पण या आजारात पोट दोन वेगळ्या कारणांसाठी उघडलं जातं, आणि कोणतं कारण आहे हे विचारायचंच राहून जातं.

गाठ जठराच्या भिंतीत खोल गेली आहे, जवळच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिका ग्रंथींमध्येही पोहोचली आहे, पण यकृत किंवा पोटातलं अस्तर, म्हणजे पेरिटोनियम, स्वच्छ आहे. अशा वेळी ऑपरेशन आजार मुळापासून काढण्यासाठी असतं. जठराचा मोठा भाग किंवा सगळं जठर काढतात, सोबत भोवतालच्या नोडचा पट्टाही. या नोडच्या सफाईला डी-२ म्हणतात. नेदरलँड्समधल्या अभ्यासात १५ वर्षांनी पाहिलं, तर मर्यादित सफाई झालेल्यांपैकी ४८ टक्के याच कॅन्सरने गेले होते, डी-२ झालेल्यांपैकी ३७ टक्के. त्या काळी डी-२ नंतर लगेच दगावणारे मात्र जास्त होते. प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूट काढणं हे त्याचं एक मोठं कारण होतं. आता शक्यतो ते दोन्ही वाचवतात.

नुसत्या सुरीवर मात्र भागत नाही. ब्रिटनमधल्या ‘मॅजिक’ चाचणीत (२००६) ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो दिल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण २३ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. पुढे जर्मनीत ‘फ्लॉट’ नावाची केमो आली. २०१९ च्या निकालात ती घेणाऱ्यांपैकी निम्मे ५० महिन्यांपलीकडे जगले. जुन्या केमोत हा आकडा ३५ महिने होता. म्हणून ‘आधी केमो, मग ऑपरेशन’ असं सांगितलं तर डॉक्टर चालढकल करताहेत असं समजू नका.

आता दुसरी बाजू. आजार यकृतात किंवा पेरिटोनियमवर पसरला आहे. घरचे म्हणतात, ‘निदान मुख्य गाठ तरी काढून टाका.’ ही तळमळ अगदी समजण्यासारखी आहे. जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूरच्या सर्जननी हाच प्रश्न ‘रेगाटा’ चाचणीत तपासला. १७५ रुग्ण होते. काहींना नुसती केमो, काहींचं आधी जठर काढून मग केमो. केमोवाल्यांपैकी निम्मे १६.६ महिन्यांपलीकडे जगले, ऑपरेशनवाल्यांपैकी निम्मे १४.३ महिन्यांपलीकडे. फायदा होण्याची चिन्हं नाहीत असं दिसल्यावर चाचणी मध्येच थांबवली. जठराच्या वरच्या भागात गाठ असलेल्यांना तर सगळं जठर गमवावं लागलं, आणि त्यांना पुढची केमो कमी झेपली. पसरलेल्या आजारावर जे औषध चालणार, तेच घेण्याची ताकद ऑपरेशनने हिरावून घेतली. म्हणून काही त्रास नसताना, केवळ ‘गाठ आत नको’ म्हणून जठर काढू नये, असं मला ठामपणे वाटतं.

त्रास असेल तर गोष्ट वेगळी. जठराचं खालचं तोंड बंद झालं की काल रात्री खाल्लेला वरणभात आज दुपारी उलटीत तसाच पडतो. तेव्हा गाठ तशीच ठेवून जठराला लहान आतड्याचा जोड देतात. याला बायपास म्हणतात. किंवा दुर्बिणीतून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट बसवतात. स्टेंटने माणूस लवकर जेवू लागतो, बायपास जास्त काळ टिकतो. काही महिने हाताशी असतील तर बायपासचा विचार, प्रकृती फार खालावली असेल तर स्टेंट. गाठीतून थोडं थोडं रक्त झिरपत असेल तर बऱ्याचदा रेडिएशनने भागतं.

रुग्ण कोणत्या बाजूचा, हे केवळ सीटी स्कॅनवर ठरवणं धोक्याचं. पेरिटोनियमवरचे साबुदाण्यापेक्षाही बारीक दाणे त्यात निसटतात. म्हणून मोठ्या ऑपरेशनआधी दुर्बीण घालून आत पाहतात, सलाइनने पोट धुऊन ते पाणी तपासतात. डोळ्यांना काही दिसलं नाही, पण पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तरी आजार चौथ्या टप्प्याचा, म्हणजे पसरलेला धरला जातो. ही तपासणी झाली का, हे जरूर विचारा.

केमोने पसरलेला आजार खूप आटोक्यात आला, तर मग ऑपरेशन करावं का? ‘रेनेसान्स’ या जर्मन चाचणीत, थोडाच पसरलेला आजार असलेल्या रुग्णांनाही त्याने एकूण आयुष्य वाढलं नाही. आजार फक्त दूरच्या लिम्फ नोडपुरताच असलेल्यांमध्ये मात्र थोडी आशा दिसली, म्हणून अशा निवडक रुग्णांचा विचार आजही ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, एकेक करून होतो.