फिनलंडात दहाच्या वर, महाराष्ट्रात एक, गोव्यात शून्य

उपग्रहाच्या चित्रात डिचोली किंवा सांगेकडचा एखादा गोलसर, हिरव्या पाण्यानं भरलेला खड्डा दिसला की "इथं उल्का पडली असेल काय?" असं कुणीतरी विचारतंच. तो खड्डा खाणीचा असतो. प्रश्न मात्र फालतू नाही.

अशनीच्या, म्हणजे अवकाशातून येऊन जमिनीवर आदळणाऱ्या दगडाच्या, आघातानं झाल्याचं पक्कं ठरलेली विवरं पृथ्वीवर सुमारे २०० आहेत. जमीन १४.९ कोटी चौरस किलोमीटर. म्हणजे सरासरी साडेसात लाख चौरस किलोमीटरमागे एक विवर. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. त्याच्या वाट्याला एका विवराचा दोनशेवा हिस्सा येतो. तेव्हा गोव्याच्या शून्याचं नवल नको. नवल फिनलंडचं. आकारानं महाराष्ट्राहून जरासाच मोठा, पण विवरं दहाच्या वर. महाराष्ट्रात एकटं लोणार.

अशनी देश बघून पडत नाहीत. लाखो वर्षांचा हिशेब धरला तर त्या सगळीकडे जवळपास सारख्याच पडतात. फरक खुणा टिकण्यात आहे आणि, माझ्या मते तितकाच, त्या शोधणाऱ्यांत. फिनलंडचा बहुतेक खडक १८० कोटी वर्षांहून जुना आणि स्थिर. हिमयुगातल्या बर्फानं वरची माती खरवडून तो उघडा पाडला, आणि तिथल्या भूवैज्ञानिकांनी गोल तळी दिसतील तिथं चिकाटीनं छिद्रं पाडून नमुने काढले. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचीही कथा थोड्याफार फरकानं हीच.

महाराष्ट्रात उलटं झालं. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनचा लाव्हा पसरला आणि त्याआधीचं जे काही होतं ते खाली गाडलं गेलं. लोणार टिकलं, कारण ते त्या लाव्हावरच झालं, तेही अगदी अलीकडे. त्याचं वय सुमारे ५.७ लाख वर्षं निघालं आहे.

गोव्यात हा लाव्हा ईशान्येच्या टोकालाच आहे. बाकीचा खडक पुरातन. अनमोड घाटातला नाइस नावाचा पट्टेदार खडक तर ३०० कोटी वर्षांहून जुना मानतात. मग शोधायला हरकत काय? हरकत जांभ्याची. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आणि उष्णता यांनी खडक कुजवून त्याचा जांभा केला, सड्यांवर त्याची जाड टोपी चढवली. नुसता गोल आकार पुरावा होत नाही. खडकच बोलावा लागतो. आघाताच्या जागी दगडात शंकू तयार होतात, टोकापासून घोड्याच्या शेपटीसारख्या रेघा फाकलेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्झच्या कणांत अतिशय बारीक समांतर पट्ट्या दिसतात, आणि इतका दाब ज्वालामुखीतूनही येत नाही. शंकू दिसायला मूळ खडक उघडा लागतो. चिरेखाणीतल्या भुसभुशीत लाल भिंतीत काय शोधणार?

राहिला समुद्र. पृथ्वीचा ७० टक्के भाग तो, पण विवरं मोजकीच, तीही बहुतेक उथळ पाण्यातली. खोल समुद्राचा तळ सतत नवा होतो. तिथं २० कोटी वर्षांहून जुनं सहसा काही उरत नाही.

तरीही या विषयातलं गोव्याचं सगळ्यात चांगलं काम समुद्रातूनच आलं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना मध्य हिंदी महासागराच्या तळातल्या गाळात काचेचे गोलक सापडले, मिलिमीटरहून लहान. सुमारे ७.९ लाख वर्षांपूर्वीच्या एका आघातात वितळून उडालेल्या दगडमातीचे ते थेंब. तसलीच काच आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियातही विखुरलेली आहे.

एवढा पसारा उडवणारं विवर अजून पक्कं सापडलेलं नाही. लाओसमधल्या बोलावेन पठारावर नंतर आलेल्या लाव्हाखाली ते दडलं असावं, असा एक दावा आहे. सर्वांना तो मान्य नाही. दावा खरा ठरला तर आपल्याकडे दख्खनच्या लाव्हानं जे केलं, तेच तिथं छोट्या प्रमाणात झालं म्हणायचं.